चित्रांचे वय शोधणारे हरिभाऊ वाकणकर

मुलांनो, हजारो वर्षांपूर्वी शाळा नव्हती, पाटी नव्हती. पण चित्रे काढणारी माणसे होती बरं का! त्यांची चित्रे शोधणाऱ्या एका थोर मराठी माणसाची ही माहिती.

डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांचा जन्म ४ मे १९१९ रोजी नीमच येथे झाला. हे गाव आज मध्य प्रदेशात आहे. सगळे त्यांना हरिभाऊ म्हणत. पुढे ते उज्जैनला राहिले. चित्रकला म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

१९५७ साली आगगाडीने जाताना त्यांना भोपाळजवळ डोंगरावर मोठमोठे खडक दिसले. दुसरा कोणी नुसता बघत बसला असता. हरिभाऊ मात्र जंगल तुडवत तिथे गेले. बघतात तर काय! खडकांवर गवे, हरणे, हत्ती, रानडुकरे! हेच ते भीमबेटका.

आता खरी अडचण आली. ही चित्रे किती जुनी? चित्रावर तारीख थोडीच असते! कोळशातला एक प्रकारचा कार्बन ठरलेल्या गतीने कमी होतो, म्हणून कोळशाचे वय मोजता येते. पण लाल चित्रे गेरूची. गेरू पडला मातीचा, त्यात तो कार्बन कुठला?

मग हरिभाऊंनी चित्रकाराची नजर वापरली. घराच्या भिंतीला चुन्याचा हात दिला आणि पुढच्या वर्षी परत दिला, तर खालचा थर जुना. तसेच तिथे चित्रावर चित्र होते. खाली जनावरे आणि शिकारी, वर तलवारी घेतलेले घोडेस्वार. म्हणजे घोडेस्वार नंतरचे. शिवाय त्यांनी तिथे खोदकाम केले. मातीच्या थरांत दगडी हत्यारांबरोबर रंगाचे खडे मिळाले. काही चित्रे फारच जुनी आहेत, असे त्यांचे मत होते. त्यावर विद्वानांत वाद आहे. पण बरीच चित्रे मध्य अश्मयुगातली मानतात.

१९७५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ३ एप्रिल १९८८ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. २००३ साली भीमबेटका जागतिक वारसा ठरले.

आपले खान्देशही मागे नाही! चाळीसगाव तालुक्यात पाटणे येथे शहामृगाच्या अंड्याचे नक्षी कोरलेले कवच सापडले. कवचात कार्बन असतो, म्हणून वय कळले : सुमारे २५,००० वर्षे!

पालकहो, मुलांनो, लेणी किंवा किल्ला पाहायला गेलात तर भिंतीवर नाव कोरू नका. एका ओरखड्याने हजारो वर्षांचा पुरावा जातो, तो परत येत नाही.