उंबरठ्यावरून परतलेले फ्रान्झ रोझेनत्स्वाइग

ज्यू सणांचा अर्थ आधुनिक माणसाला उलगडून दाखवणाऱ्यांत फ्रान्झ रोझेनत्स्वाइग यांचे नाव मोठे आहे. पण ऐन तारुण्यात ते स्वतःच हा धर्म सोडायला निघाले होते.

त्यांचा जन्म २५ डिसेंबर १८८६ रोजी जर्मनीतील कासेल येथे झाला. वडिलांचा रंगांचा कारखाना होता. घर सधन, सुशिक्षित. धर्म मात्र नावापुरता उरलेला. फ्रान्झ आधी वैद्यक शिकले, मग इतिहास-तत्त्वज्ञानाकडे वळले आणि हेगेलवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. जवळचे काही नातेवाईक ख्रिस्ती झालेले होते. जुलै १९१३ मध्ये एका मित्राशी रात्रभर चर्चा झाली आणि त्यांनीही बाप्तिस्मा घ्यायचे ठरवले. अट एकच, की सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांप्रमाणे आपणही ज्यू म्हणूनच त्या दारातून जायचे.

त्या वर्षी ११ ऑक्टोबरला योम किप्पुर होता. वर्षभराच्या चुकांची क्षमा मागण्याचा हा दिवस. एका संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत अन्न-पाणी वर्ज्य. आपल्या कोकणातले बेने इस्रायली याला दारफाळणीचा सण म्हणत आणि दारे लावून तो पाळत. फ्रान्झ बर्लिनमधल्या एका सनातनी सिनेगॉगमध्ये गेले. तिथे काय घडले याचे वर्णन त्यांनी लिहून ठेवले नाही. पण महिना संपायच्या आत त्यांचा निर्णय फिरला होता. ते ज्यूच राहिले.

पुढे पहिल्या महायुद्धात बाल्कन आघाडीवर असताना त्यांनी आपला मुख्य ग्रंथ लिहायला घेतला. मजकूर पोस्टकार्डांवर लिहून ते आईकडे पाठवत. १९२१ मध्ये ‘मुक्तीचा तारा’ या अर्थाच्या नावाने तो प्रसिद्ध झाला. त्यात सणांच्या वर्षाला मोठे स्थान आहे. पेसाहमध्ये गुलामीतून सुटका, शावुओतमध्ये धर्मग्रंथाची प्राप्ती, सुक्कोतमध्ये वाळवंटातली वाटचाल. योम किप्पुरला मात्र माणूस कफनासारखे पांढरे वस्त्र घालून देवापुढे एकटा उभा राहतो, जणू मरणाच्या दिवशी उभा आहे.

विद्यापीठातली नोकरी नाकारून १९२० मध्ये त्यांनी फ्रँकफुर्टला प्रौढांसाठी विद्यालय काढले. धर्मापासून दुरावलेल्यांनी, जिथे असतील तिथून शिकत परत यावे, हा त्यामागचा विचार.

१९२२ मध्ये असाध्य आजाराने त्यांना गाठले. हातपाय गेले, वाचा गेली. पत्नी एडिथ त्यांच्या खुणांवरून एकेक अक्षर ओळखून लिहून घेत. अशा अवस्थेत त्यांनी मार्टिन बुबर यांच्यासह हिब्रू बायबलचे जर्मन भाषांतर सुरू केले. सिनेगॉगला जाणे थांबले, तेव्हा मित्रमंडळी प्रार्थनेसाठी त्यांच्या घरी जमू लागली. १० डिसेंबर १९२९ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ते गेले.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आम्हाला हे चरित्र जवळचे वाटते. सण आम्हीही करतो. पण फराळ आणि फोटो झाले की पुष्कळदा तो तिथेच संपतो. मुले ‘हे कशासाठी?’ असे विचारतात, तेव्हा आम्ही ‘पूर्वीपासून आहे’ म्हणून वेळ मारून नेतो. रोझेनत्स्वाइग यांना घरी याचे उत्तर मिळाले नव्हते. ते शोधायला ते एक दिवस उपाशी राहून अनोळखी माणसांत बसले. आपल्या मुलांना तितके लांब जावे लागू नये, एवढे तरी आम्ही वडीलधाऱ्यांनी पाहायला हवे.