यशवंतराव चव्हाण

यशवंतराव बळवंतराव चव्हाण (जन्म : देवराष्ट्रे, तत्कालीन सातारा जिल्हा, १२ मार्च १९१३, मृत्यू : दिल्ली, २५ नोव्हेंबर १९८४) हे महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री आणि भारताचे माजी उपपंतप्रधान होते. केंद्रात त्यांनी संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही चारही प्रमुख खाती सांभाळली.

पूर्वायुष्य

लहानपणीच पितृछत्र हरपल्याने त्यांचे बालपण हलाखीत गेले. आई विठाबाई यांनी मुलांना वाढवले. कराडला शिकत असताना ते स्वातंत्र्य चळवळीत ओढले गेले आणि १९३२ मध्ये त्यांना कारावास भोगावा लागला. पुढे त्यांनी बी. ए. आणि एल्‌एल. बी. या पदव्या मिळवल्या. १९४२ मध्ये त्यांचा वेणूताई यांच्याशी विवाह झाला. त्याच वर्षी ते भूमिगत चळवळीत उतरले.

मुख्यमंत्रिपद

१९४६ मध्ये ते मुंबई विधानसभेवर निवडून आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विशाल द्वैभाषिक मुंबई राज्याचे, तर १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडे आले. जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांची रचना ही त्यांच्या कारकिर्दीतील महत्त्वाची घटना होय.

नाशिकमधून लोकसभेत

चीनच्या आक्रमणानंतर व्ही. के. कृष्ण मेनन यांनी राजीनामा दिला आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी यशवंतरावांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस बोलावले. त्या वेळी ते संसदेचे सदस्य नव्हते. राज्यघटनेनुसार अशा मंत्र्याला सहा महिन्यांत कोणत्याही एका सभागृहाचे सदस्यत्व मिळवावे लागते. १९६३ मध्ये नाशिक मतदारसंघातील पोटनिवडणुकीत ते बिनविरोध निवडून आले. १९६७ पासून त्यांनी सातारा मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले.

राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि राज्यसभा

मे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले आणि उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी कार्यवाहू राष्ट्रपती झाले. अमेरिकेत अध्यक्षाच्या मृत्यूनंतर उपाध्यक्ष उरलेल्या मुदतीसाठी अध्यक्षच होतो. भारतात मात्र सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक घ्यावी लागते. काँग्रेसच्या संसदीय मंडळात गृहमंत्री यशवंतरावांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या पसंतीविरुद्ध नीलम संजीव रेड्डी यांच्या उमेदवारीस मत दिले. गिरी पदाचा राजीनामा देऊन अपक्ष उभे राहिले व विजयी झाले. त्यानंतर काँग्रेस फुटली. यशवंतराव मात्र इंदिरा गांधींसोबतच राहिले.

संस्थानिकांचे तनखे बंद करण्यासाठी त्यांच्याशी वाटाघाटी करण्याचे काम गृहमंत्री या नात्याने यशवंतरावांकडे होते. सप्टेंबर १९७० मध्ये यासंबंधीचे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत संमत झाले. राज्यसभेत मात्र १४९ विरुद्ध ७५ अशी मते पडून दोन-तृतीयांश बहुमत एका मताहूनही कमी फरकाने हुकले. मग राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला आणि अखेर १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने तनखे संपुष्टात आले. लोकसभेतील बहुमत असूनही राज्यसभा सरकारला अडवू शकते, हे या प्रकरणात दिसून आले.

उपपंतप्रधानपद

१९७७ मध्ये काँग्रेसचा पराभव झाल्यावर यशवंतराव लोकसभेतील विरोधी पक्षनेते झाले. १९७८ च्या काँग्रेस फुटीत ते इंदिरा गांधींपासून दूर झाले. जुलै १९७९ मध्ये त्यांनी मोरारजी देसाई सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला आणि देसाईंनी राजीनामा दिला. त्या वेळी राष्ट्रपतिपदी नीलम संजीव रेड्डी होते. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्या उमेदवारीला यशवंतरावांनी पाठिंबा दिला होता, त्याच रेड्डींनी सरकार बनवण्याची शक्यता अजमावण्यासाठी प्रथम त्यांनाच पाचारण केले. मात्र पुरेसे संख्याबळ जमले नाही आणि पंतप्रधानपदाची संधी हुकली.

२८ जुलै १९७९ रोजी चरणसिंग पंतप्रधान व यशवंतराव उपपंतप्रधान झाले. गृहखातेही त्यांच्याकडे होते. भारताचे उपराष्ट्रपती हे अमेरिकेच्या उपाध्यक्षांप्रमाणे घटनेने निर्माण केलेले पद असून ते वरिष्ठ सभागृहाचे अध्यक्षस्थान भूषवतात. उपपंतप्रधानपदाचा घटनेत उल्लेख नाही. या पदाला पंतप्रधानांच्या जागी आपोआप येण्याचा अधिकारही नाही. लोकसभेला सामोरे जाण्यापूर्वीच, २० ऑगस्ट रोजी, चरणसिंगांनी राजीनामा दिला. राष्ट्रपतींनी लोकसभा विसर्जित केली आणि हे मंत्रिमंडळ जानेवारी १९८० पर्यंत काळजीवाहू राहिले.

अखेरची वर्षे

१९८० मध्ये ते साताऱ्यातून पुन्हा निवडून आले. नंतर ते इंदिरा गांधींच्या पक्षात परतले. या निर्णयावर टीकाही झाली. त्यांची आठव्या वित्त आयोगाच्या अध्यक्षपदी नियुक्ती झाली. १९८३ मध्ये वेणूताईंचे निधन झाले. ‘कृष्णाकाठ’ हे त्यांचे आत्मचरित्र १९४६ पर्यंतच्या आयुष्यापुरतेच आहे. दिल्लीतील वर्षांविषयीचा नियोजित भाग लिहून झाला नाही. कराड येथे कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले आहे.