डॉ. होसे रिझाल आणि त्यांचें भाषाध्ययन

परीक्षेपुरते शब्द व व्याकरण पाठ झालें म्हणजे परकी भाषा आली, असा आपणां विद्यार्थ्यांचा सर्वसाधारण समज असतो. एखादी भाषा शाळेंतच किती खोलवर शिकतां येते व तिचा पुढें कोणता उपयोग होऊं शकतो, हें पाहावयाचें असल्यास फिलिपाइन्स बेटांतील देशभक्त डॉ. होसे रिझाल यांच्या चरित्राकडे वळावें, असें आम्हांस वाटतें.

रिझाल यांचा जन्म १९ जून १८६१ रोजीं लागुना प्रांतांतील कालांबा या गांवीं झाला. त्या काळीं या बेटांवर स्पेनचें राज्य होतें. घरांत तागालोग भाषा बोलली जाई. परंतु न्यायालयांत व उच्च शिक्षणांत स्पॅनिशचाच अंमल होता. अक्षरओळख मातोश्री तेओदोरा यांनीं करून दिली. पुढें १८७२ सालीं अकरा वर्षांचा होसे मनिला येथें जेझुइट धर्मगुरूंनीं चालविलेल्या आतेनेओ विद्यालयांत दाखल झाला. त्याच सुमारास एका खोट्या आरोपावरून त्याच्या मातोश्रींस कारावास भोगावा लागत होता. मनावर एवढें दुःखाचें ओझें घेऊन हा मुलगा वर्गांत बसे.

त्या शाळेंत वर्गाचे ‘रोमन’ व ‘कार्थेजियन’ असे दोन पक्ष पाडीत. अभ्यासांत जो सर्वांच्या पुढें, तो आपल्या पक्षाचा ‘सम्राट’ होई. होसेला स्पॅनिश नीट येत नसल्यामुळें प्रथम त्यास सर्वांच्या शेवटीं बसविण्यांत आलें. पण महिन्याभरांतच त्यानें सम्राटपद मिळविलें! तेवढ्यानें त्याचें समाधान झालें नाहीं. दुपारच्या सुटींत सांता इसाबेल विद्यालयांत जाऊन, पदरचे तीन पेसो भरून, तो स्पॅनिशचे अधिक धडे घेऊं लागला. पुढें फादर सांचेझ या गुरुजींनीं त्याच्या ठिकाणीं काव्याची गोडी उत्पन्न केली. २३ मार्च १८७७ रोजीं त्यास सर्वोच्च श्रेणींत पदवी मिळाली. दोनच वर्षांनीं फिलिपिनो तरुणांस उद्देशून लिहिलेल्या त्याच्या स्पॅनिश कवितेस मनिला येथें पारितोषिक लाभलें.

रिझाल १८८२ सालीं स्पेनला गेले व माद्रिद येथें त्यांनीं वैद्यक व तत्त्वज्ञान यांचें अध्ययन केलें. राज्यकर्त्यांच्याच भाषेंत त्यांनीं आपल्या बांधवांचीं दुःखें मांडलीं. ‘नोली मे तांहेरे’ (१८८७) या कादंबरींत स्पॅनिश शिकवूं पाहणाऱ्या खेड्यांतील शिक्षकाची कुचंबणा आहे. तर ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ (१८९१) मध्यें स्पॅनिशच्या उच्च अध्ययनासाठीं विद्यालय मागणाऱ्या विद्यार्थ्यांची निराशा आहे. परंतु मातृभाषा त्यांनीं टाकली नाहीं. मालोलोस गांवच्या तरुण स्त्रियांनीं १८८८ सालीं स्पॅनिश शिकण्यासाठीं शाळेची मागणी केली, तेव्हां त्यांचें कौतुक करणारें पत्र रिझाल यांनीं लंडनहून तागालोग भाषेंतच धाडलें. शिलर या जर्मन कवीचें ‘विल्हेल्म टेल’ हें नाटकही त्यांनीं तागालोगमध्यें आणलें.

सरकारनें त्यांस १८९२ ते १८९६ पर्यंत दापितान येथें हद्दपारींत ठेविलें. तेथेंही त्यांनीं रुग्णसेवा केली व मुलांसाठीं शाळा चालविली. अखेर बंडाचा आरोप ठेवून ३० डिसेंबर १८९६ रोजीं मनिला येथें त्यांस गोळ्या घालण्यांत आल्या. वय अवघें पस्तीस वर्षांचें! मातृभूमीचा निरोप घेणारी शेवटची कविता त्यांनीं स्पॅनिशमध्येंच लिहिली व स्पिरिटच्या लहानशा स्टोव्हमध्यें दडविली. पहारेकऱ्यांस कळूं नये म्हणून त्यांनीं आपल्या बहिणीस तिची सूचना इंग्रजींत दिली.

फिलिपाइन्सच्या १९८७ च्या राज्यघटनेनें स्पॅनिश ही तेथील राजभाषा ठेविली नाहीं. रिझाल यांचे ग्रंथ आज तेथील बहुतेक विद्यार्थी भाषांतरांतूनच वाचतात. तरी ते अजून वाचले जातात, हें विसरतां येत नाहीं. विद्यार्थिबंधूंनो व भगिनींनो, वर्गांत शेवटीं बसविलेल्या मुलानें दुपारची विश्रांति सोडून जी भाषा कमावली, तिच्यायोगें पुढें त्याच्या मुक्या देशास वाचा फुटली. आपल्यापुढील भाषेचें पुस्तक उघडतांना एवढें स्मरण आपण ठेवूं या.