हिमप्रदेशाचा बखरकार : सुझुकी बोकुशी

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या देशांत पाऊस भरपूर, म्हणून आपल्या भाषेंत त्याचीं नांवेंही भरपूर. वळीव निराळा, झड निराळी, सर निराळी आणि भुरभुर निराळी. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरील लोकांचें बर्फाच्या बाबतींत असेंच आहे. त्या बर्फाचे शब्द, आणि त्या शब्दांमागें दडलेलें लोकांचें कष्टमय जीवन, ज्यानें ग्रंथरूपानें साऱ्या जपानपुढें मांडलें, त्या सुझुकी बोकुशी या गृहस्थाचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहें.

बोकुशीचा जन्म १७७० सालीं एचिगो प्रांतांतील शिओझावा या गांवीं झाला. हा भाग हल्लीं नीगाता या नांवानें ओळखला जातो. हिंवाळ्यांत सैबेरियाकडून येणारे थंड वारे वाटेंतील समुद्रावरून बाष्प उचलतात, आणि जपानच्या मध्यभागींचे उंच डोंगर चढतांना तें हिमरूपानें टाकून देतात. त्यामुळें या डोंगरांच्या पायथ्याचीं गांवें महिनेच्या महिने बर्फाखालीं गाडलेलीं असतात. तेच डोंगर ओलांडून पलीकडे गेलें, कीं एदो शहर, म्हणजे आजचें टोकियो लागतें. तेथें मात्र हिंवाळ्यांत बहुधा लख्ख ऊन असतें.

बोकुशीचें घराणें व्यापारी होतें. 'चिजिमी' नांवाच्या तलम, चुणीदार कापडाचा व्यापार आणि गहाणवटीवर पैसे देणें हा त्यांचा धंदा. तागासारख्या एका वनस्पतीच्या सालीचे तंतू काढून हें कापड विणीत. शेतें बर्फाखालीं गेलीं, कीं स्त्रिया घरांत मागावर बसत. दमट हवेमुळें बारीक धागा तुटत नसे, आणि विणलेलें कापड बर्फावरच पसरून उन्हांत शुभ्र करीत. जो बर्फ घर गाडी, तोच घर चालवी, असा हा प्रकार होता.

१७८८ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, बोकुशी चिजिमीचे ऐंशी तागे विकण्यासाठीं एदोस गेला. तेथें त्याला मोठें नवल वाटलें. राजधानींतील सुशिक्षित लोकांनाही त्याच्या प्रांतांतील बर्फाची कल्पना नव्हती. त्यांच्या दृष्टीनें पहिला बर्फ म्हणजे मौजेचा दिवस. मद्याचे प्याले भरावे, मित्र जमवावे, कविता कराव्या. शिओझावाच्या लोकांना पहिला बर्फ दिसला, कीं पुढील कष्टांच्या आठवणीनें धडकी भरे. शब्द तोच; पण एका ठिकाणीं त्याचा अर्थ सण, तर दुसऱ्या ठिकाणीं संकट. हा अर्थ शहरवासीयांस समजावून द्यावा, असा निश्चय त्या तरुण व्यापाऱ्यानें केला, आणि धंदा सांभाळून तो टिपणें व चित्रें जमवूं लागला.

जपानी भाषेंत बर्फाला 'युकि' म्हणतात. पिठासारखा कोरडा तो 'कोनायुकि'. 'बोतान' फुलाच्या पाकळ्यांसारखा मोठमोठ्या ओल्या पुंजक्यांनीं पडतो तो 'बोतानयुकि'. पावसांत मिसळून येतो तो 'मिझोरे'. आणि एकदां पडून हिंवाळा संपेपर्यंत न वितळतां राहतो तो 'नेयुकि', म्हणजे मूळ धरलेला बर्फ. परंतु बोकुशीनें विशेष लक्ष दिलें तें आपल्या गांवच्या बोलीकडे. छपरावरील बर्फ काढण्यास त्याचे लोक 'युकिहोरी', म्हणजे बर्फ खणणें, असें म्हणत. कारण तो झाडून निघण्याजोगा नसे, मातीसारखा लांकडी फावड्यानें खणावा लागे. न खणल्यास घर मोडून पडे. कडा सुटून बर्फ कोसळतो त्याला 'नादारे' म्हणत. पण भर हिंवाळ्यांत न घट्टावलेला कोरडा बर्फ घसरून येई, त्याचें नांव 'होफुरा'. हा भेद शहरांतील पंडिताला निरुपयोगी वाटेल. डोंगराखालीं राहणाऱ्याला तो जिवाइतका मोलाचा होता. एका हिंवाळ्यांत त्याच्या ओळखीच्या एका गृहस्थानें दर वेळीं पडलेला बर्फ मोजून बेरीज केली, ती १८ 'जो', म्हणजे सुमारें ५४ मीटर भरली, असेंही त्यानें नमूद केलें आहे.

'फुबुकि' म्हणजे हिमवादळ. या शब्दाखालीं त्यानें एका तरुण जोडप्याची हकीकत दिली आहे. स्वच्छ हवा पाहून तीं दोघें तान्हें मूल घेऊन मुलीच्या माहेरीं निघालीं. वाटेंत वादळानें गांठलें. दुसऱ्या दिवशीं गांवकऱ्यांना बर्फाखालून मुलाचें रडणें ऐकूं आलें. उकरून पाहतात, तों आईबाप एकमेकांस बिलगून मेलेलीं, आणि आईच्या कुशींत मूल जिवंत!

असें पुस्तक लिहिणें कठीण. पण तें छापून निघणें त्याहून कठीण ठरलें. प्रथम त्यानें एदोंतील प्रसिद्ध लेखक सान्तो क्योदेन याच्याकडे मजकूर पाठविला. परंतु खेड्यांतील अपरिचित लेखकासाठीं खर्च सोसण्यास प्रकाशक मिळेना. पुढें ओसाकाचा चित्रकार ओकादा ग्योकुझान यानें काम हातीं घेतलें, तो मरण पावला. नंतर सुझुकी फुयो याची मदत मिळाली, तोही वारला. मग नामांकित कादंबरीकार बाकिन यानें मजकूर ठेवून घेतला. दहा वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी पुस्तक निघालें नाहीं आणि हस्तलिखितही परत आलें नाहीं. अखेर क्योदेनचा धाकटा भाऊ क्योझान यानें साहाय्य देऊं केलें. तेव्हां साठी गांठलेल्या बोकुशीनें रागावण्यांत वेळ न दवडतां सारा मजकूर पुन्हां लिहावयास घेतला.

१८३७ सालीं 'होकुएत्सु सेप्पु', म्हणजे एचिगोच्या बर्फाची बखर, हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या वेळीं लेखकाला अडुसष्टावें वर्ष चालू होतें. संकल्पास जवळजवळ पन्नास वर्षें झालीं होतीं. ग्रंथ अत्यंत लोकप्रिय झाला व त्याचा दुसरा भागही निघाला. १८४२ सालीं बोकुशीनें देह ठेवला. पुढें विसाव्या शतकांत कावाबाता यासुनारी यानें आपल्या 'युकिगुनि' या कादंबरींत चिजिमीच्या वर्णनासाठीं याच ग्रंथाचा आधार घेतला. त्या प्रदेशांतील ही विणकामाची कला २००९ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या वारशांत समाविष्ट केली.

बोकुशी मोठा पंडित नव्हता, आणि त्यानें दूरदेशींच्या अद्भुत गोष्टी शोधल्या नाहींत. आपल्या दारांतील बर्फ आणि शेजाऱ्यांच्या तोंडचे शब्द हेंच त्याचें भांडवल. मुलांनो, तुमच्या गांवींही शेताचे, मागाचे, होडीचे, पावसाचे कितीतरी शब्द आहेत, जे कोणत्याही पाठ्यपुस्तकांत नाहींत. ते तुमच्या आजोबा-आजींना ठाऊक आहेत. या सुटींत त्यांच्यापाशीं बसा, एकेक शब्द विचारा, आणि त्याचा अर्थ काळजीपूर्वक वहींत उतरून घ्या. विचारण्यास उशीर करूं नका.