नारायणगावच्या विठाबाई

स्मरणिकेसाठी एखाद्या कर्तबगार स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे असे समितीने ठरविले, तेव्हा भगिनींनी नेहमीची थोर नावे सुचविली. जिजामाता तर शिवनेरीमुळे आपल्या घरच्याच. अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्याविषयी मागील अंकांतून लिहून झाले आहे. मी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे नाव घेतले आणि सभा क्षणभर गप्प झाली. एकदोघी तोंडाला पदर लावून हसल्या. त्या हसण्याचा मला मुळीच राग आला नाही. माझ्या लहानपणी आमच्याही घरात हे नाव बायकांनी मोठ्याने घ्यायचे नसे.

भीमाशंकरच्या डोंगरातून घोडनदीच्या कडेकडेने खाली उतरावे, घोडेगाव आणि मंचर करीत पुणे-नाशिक रस्त्याला लागावे, की थोड्याच वेळात मीना नदीकाठचे नारायणगाव येते. आज हे गाव भाजीपाल्याच्या बाजारासाठी सर्वांना ठाऊक आहे. पण गावोगावच्या यात्रा कमिट्यांना ते ठाऊक असते तमाशाची पंढरी म्हणून. पाडवा जवळ आला की तेथे फडांच्या राहुट्या लागतात, पंचमंडळी येतात, घासाघीस होते आणि चैत्र-वैशाखातील यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात.

आमच्या गावच्या यात्रेतही रात्री तमाशा असे. सकाळी देवळापुढे हजेरी, दुपारी कुस्त्यांचा आखाडा. पुरणपोळ्या आम्ही बायकांनी लाटायच्या आणि कनातीत पुरुषांनी बसायचे, असा रिवाज होता. आम्ही मुली पडवीत गोधडीवर पडून ढोलकी ऐकत असू. कोणाचा फड आहे, गाणारी कोण आहे, हे दुसऱ्या दिवशी पुरुषांच्या बोलण्यावरून कळायचे. शेजारच्याच तालुक्यातील एवढी मोठी कलावतीण आपल्याला कानानेच काय ती माहीत, याचे मला आता नवल वाटते.

विठाबाईंचा जन्म जुलै १९३५मध्ये पंढरपूर येथे झाला. पांडुरंगाच्या गावी जन्मल्या म्हणून विठा. घराणे मात्र नारायणगावचे. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला आणि वडील भाऊ व चुलते बापू या दोघा भावांनी तो भरभराटीस आणला. भाऊ-बापू मांग नारायणगावकर हे नाव महाराष्ट्रभर गाजले. या नावात जात उघड लिहिलेली आहे, ती माझ्या लेखणीतून आलेली नाही. ज्या काळी मांगाच्या माणसाला गावात पाण्याला शिवू देत नसत, त्या काळी हे कुटुंब आपले नाव आहे तसे फडाच्या पाटीवर रंगवीत होते. त्याच पाटीखाली गावातील बडी मंडळी पैसे मोजून बसत. विठाबाईंनीही पुढे आपल्या नावातून तो शब्द कधी काढला नाही.

अशा घरात जन्मलेल्या मुलीला कला आणि संसार या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे कळणार तरी कसे? चूल फडाबरोबर हिंडत असे. पाळणाही फडातच. कोणा गुरूपाशी बसून शिकण्याची सोय नव्हती. वडील-चुलत्यांचे पाहून, ऐकून, अंगात मुरवून घेतले एवढेच शिक्षण.

तमाशा म्हणजे नुसते नाचणे, अशी आपल्यापैकी पुष्कळजणींची समजूत आहे. ती चूक आहे. आरंभी गणपतीचे स्तवन करणारा गण. मग गौळण, तीत श्रीकृष्ण, पेंद्या आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी यांची थट्टामस्करी. नंतर बतावणी, लावण्या आणि शेवटी वग, म्हणजे एखादे संपूर्ण नाटकच. ते कित्येकदा उजाडेपर्यंत चाले. वगातील पुष्कळसे संवाद कागदावर नसतात. सोंगाड्याने टाकलेल्या शब्दाला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते. म्हणजे गळा हवा, पाय हवेत, अभिनय हवा, आणि त्याहून जास्त म्हणजे जिभेवर हजरजबाबीपणा हवा. विठाबाईंपाशी हे सर्व होते. पल्लेदार आवाजाने आणि चपळ पदन्यासाने त्यांनी तरुणपणीच मोठमोठ्या फडांच्या बरोबरीने नाव कमावले. १९५७मध्ये त्यांना राष्ट्रपतींचे पदक मिळाले, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

पदकाने अर्थातच पोट भरत नाही. फड कसा चालतो हे थोडे सांगितले पाहिजे, त्याशिवाय पुढची हकीकत नीट समजणार नाही.

फड म्हणजे एकट्या गाणारणीचा कारभार नव्हे. ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुणे धरणारा सुरत्या, सोंगाडी, सरदार, नाचणाऱ्या मुली, तंबू ठोकणारे गडी, आचारी, गाडीवान, शिवाय कलावंतांची पोरेबाळे आणि म्हातारी माणसे. मोठ्या फडात ही संख्या शंभराच्या घरात जाते. दसऱ्याला फड बाहेर पडतो आणि बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास परततो. पावसाळ्याचे चार महिने कमाई बंद. त्या चार महिन्यांत कलावंतांना घरखर्चासाठी पुढच्या हंगामाची उचल द्यावी लागते, आणि मालकाजवळ तेवढा पैसा नसल्याने ती सावकाराकडून व्याजाने आणावी लागते. आपल्या डोंगरातील ज्या घरांनी हिरड्यावर किंवा भातावर आगाऊ पैसे घेतले आहेत, त्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. हंगाम सुरू होतो तोच मुळी कर्ज डोक्यावर घेऊन. एक खेळ बुडाला तर एका रात्रीचे उत्पन्न जाते, पण त्या रात्री जेवणारी तोंडे तेवढीच राहतात. पाऊस पडला, यात्रेत मारामारी झाली, गाडी मोडली, तरी हिशेब मालकाच्याच माथी.

वडील-चुलत्यांच्या मागे हा डोलारा विठाबाईंच्या नावावर उभा राहिला. त्यांनी लावण्या म्हटल्या, वगांतून नायिका रंगविल्या, आणि त्याच वेळी फडातील इतक्या माणसांच्या भाकरीची काळजी वाहिली. लेकरांची आईही त्याच होत्या.

आता ती हकीकत. ती महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे, पण बायकांच्या बैठकीत तिच्यावर फारसे बोलले गेलेले नाही. विठाबाईंचे दिवस पूर्ण भरले होते, तरी त्या रात्री त्या खेळाला उभ्या राहिल्या. नाचता-गाताना पोटात कळा येऊ लागल्या. त्या आत गेल्या. तेथेच बाळंत झाल्या. नाळ कापायला काही नव्हते म्हणून दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा रंगमंचावर येऊन उभ्या राहिल्या. मघाशी भरलेले पोट आता दिसत नाही हे प्रेक्षकांच्या ध्यानात आले. विचारपूस झाली. खरा प्रकार कळताच ती सगळी गर्दी स्तब्ध झाली, आणि लोकांनीच खेळ थांबवून त्यांना विश्रांती घ्यायला लावली.

पुरुषमंडळी ही गोष्ट शौर्याची म्हणून सांगतात. शौर्य तर खरेच. पण ज्या आपण बाळंतपणे काढली आहेत, त्यांच्या मनात ती ऐकताना दुसरेच प्रश्न उठतात. त्या वेळी जवळ कोण होते? मूल कोणाच्या हाती देऊन त्या बाहेर आल्या? अंगातून धार लागलेली असताना पायांत चाळ बांधलेलेच होते का? आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना घराबाहेर पडू देत नाहीत, शेक-शेगडी असते, डिंकाचे लाडू असतात. त्यांना सव्वा घटकाही मिळाली नाही. मुळात इतके दिवस भरलेली बाई खेळाला उभी राहिलीच का, याचे उत्तर मला तरी उचल, सुपारी आणि जेवणारी तोंडे यांतच दिसते. नाव विठाबाईंचे, लोक यायचे त्यांच्यासाठी. त्या नसत्या तर खेळ कोणाच्या नावावर करायचा? कलेवरची निष्ठा मी नाकारीत नाही. परंतु त्या निष्ठेला घरखर्चापासून निराळी काढून तिचा देव्हारा करणे मला पटत नाही. विठाबाईंच्या आयुष्यात ती दोन्ही एकाच पदराला बांधलेली होती.

एवढे मात्र म्हटले पाहिजे की त्या रात्री लोकांनी माणुसकी दाखविली. तमाशाचा प्रेक्षक दांडगट, असे आपण ऐकत आलो. तोच प्रेक्षक आपले तिकीट विसरून उठला.

पुढील वर्षांत काळ बदलला. गावोगाव सिनेमा पोचला, नंतर दूरदर्शन आले. यात्रेत लोकांना सिनेमाची गाणी हवीशी झाली आणि फडांनाही ती घ्यावी लागली. बैलगाड्यांच्या जागी मालमोटारी आल्या, दिव्यांचा आणि ध्वनिवर्धकांचा खर्च वाढला. १९९०मध्ये विठाबाईंना पुन्हा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला. दोनदा असा मान मिळणे ही लहान गोष्ट नाही. आपल्या भागातील किती जणांना तो मिळाला असेल, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

आणि तरीही अखेरचे दिवस हलाखीत गेले. ज्यांच्या नावावर तंबू भरत, त्यांच्या गाठीला आजारपणापुरताही पैसा उरला नव्हता. १५ जानेवारी २००२ रोजी विठाबाई गेल्या. रुग्णालयाचे देणे मागाहून देणगीदारांनी दिलेल्या पैशातून भागवावे लागले. इतक्या वर्षांची कमाई गेली कोठे, असे एखादी विचारील. सावकाराचे व्याज, पावसाळ्यातील उचल, लेकरे आणि फडातली माणसे, एवढी नावे घेतली की हिशेब बराचसा लागतो. म्हातारपणासाठी निवृत्तिवेतन किंवा साठवणीचा निधी असे काही या धंद्यात नव्हते.

२००६पासून महाराष्ट्र शासनाने तमाशा कलावंतांसाठी विठाबाईंच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. मध्यंतरी त्याची रक्कम पाच लाख रुपये होती. ज्यांनी आयुष्यभर पायांत चाळ बांधले त्या कलावंतांना उतारवयात ही मदत मिळते, हे चांगलेच झाले. हा पुरस्कार मिळालेल्यांत कांताबाई सातारकर होत्या. त्यांनीही तुकाराम खेडकर यांच्या निधनानंतर लहान मुलांना घेऊन स्वतःचा फड उभा केला होता. पुढे विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनाही तो मिळाला. आईच्या नावाचा पुरस्कार लेकीने घ्यावा, असा योग क्वचितच येतो.

मंगलाताईंनी आपला स्वतंत्र फड काढला आणि तो गाजवला. दुसऱ्या कन्या मालती इनामदार यांचाही फड होता. नातू नितीनकुमार हेही याच वाटेने आले. फडाच्या मागेपुढे रांगत वाढलेली ही मुले. विठाबाईंनी त्यांना दुसरे काय दिले, असे विचारले तर सांगता येईल: एक नाव आणि ते चालविण्याचा हिय्या. शेतजमीन किंवा वाडे त्यांच्यापाशी देण्यासारखे नव्हते.

सभेत हसलेल्या दोघींपैकी एक बाई नंतर माझ्याकडे आल्या. त्यांच्या सासूबाई यात्रेच्या रात्री गोठ्याच्या आडून कनातीकडे पाहत उभ्या राहत, आणि घरी आल्यावर जात्यावर हलकेच गौळणीची चाल धरीत, असे त्यांनी सांगितले. विठाबाईंची गौळण ती, असे सासूबाई म्हणत असत म्हणे. ही आठवण लिहून घ्यावी अशी त्यांची इच्छा होती, म्हणून येथे दिली आहे.

यंदाच्या वर्धापनदिनी मंडळाच्या मुली गण आणि गौळण सादर करणार आहेत. ढोलकी व तुणतुण्याच्या साथीला नारायणगावहून दोन कलावंत येतील. त्यांचा जाण्यायेण्याचा खर्च मंडळाकडे राहील व बिदागी कार्यक्रमाच्या आधीच त्यांच्या हाती द्यावी, असे कार्यकारिणीच्या बैठकीत एकमताने ठरले आहे. कार्यक्रम रात्री नऊ वाजता देवळासमोरील पटांगणात होईल. भगिनींनी पुढच्या रांगेत बसावे.