जत्रेतल्या इंजिनाला नाव देणारा माणूस

जत्रेत आकाशपाळण्यामागे जनरेटर धडधडत असतो. तिथं एखादं जुनं डिझेल इंजिन दिसलं तर घटकाभर थांबा. पाळणा फिरतो, दिवे लागतात ते त्याच्याच जिवावर. आपल्या विहिरींवरही त्याच जातीच्या इंजिनानं वर्षानुवर्षं पाणी उपसलं. पण डिझेल हे मुळात एका माणसाचं आडनाव, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसला झाला. आईवडील जर्मन. वडील चामड्याच्या वस्तू करणारे साधे कारागीर. १८७० साली फ्रान्स-जर्मनी युद्ध पेटलं नि कुटुंबाला घरदार सोडून लंडन गाठावं लागलं. बारा वर्षांच्या रुडॉल्फची रवानगी जर्मनीत ऑग्सबर्गला नातलगांकडे झाली. पुढं म्युनिकला ते इंजिनिअर झाले.

त्या काळी वाफेचं इंजिन म्हणजे बड्या कारखानदाराचं काम. शिवाय कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामी यायचा. छोट्या कारागिराला परवडेल असं इंजिन हवं, हा डिझेल यांचा ध्यास. हवा जोरानं दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना हाताला चटका बसतो तो त्यामुळंच. अशा तापल्या हवेत तेल सोडलं की ठिणगीविना पेट घेतं. १८९३ च्या पहिल्या चाचणीत यंत्राचा भाग उडाला, ते थोडक्यात बचावले. चार वर्षं झटून १८९७ साली त्यांनी इंधनातली २६ टक्के उष्णता कामाला लावून दाखवली.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चाललं! मात्र तुम्ही इंजिनात कच्चं गोडेतेल ओतू नका. ते घट्ट असतं, नोझल चोंदतं.

पैसा आला तसा गेला. कर्ज वाढलं, प्रकृती ढासळली. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून ते नाहीसे झाले. दहाएक दिवसांनी समुद्रात प्रेत सापडलं. आत्महत्या की घातपात, हे कोडं कायम आहे.

इंजिन मात्र पसरत गेलं. इंग्लंडच्या फिरत्या जत्रांत वाफेची इंजिनं डायनॅमो फिरवीत. दुसऱ्या महायुद्धानंतर ती जागा डिझेलनं घेतली. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि हे यंत्र आपल्या बांधावर आलं. छोट्या माणसाच्या हाती ताकद द्यायचा डिझेल यांचा हेतू असा फळाला आला.

तेव्हा इंजिनाची कदर करा. डिझेल गाळून घाला, एअर फिल्टर साफ ठेवा. ग्रामसेवक आणि यात्रा कमिटीनं एवढं बघावं: पट्ट्याला जाळी, जनरेटरला अर्थिंग आणि धुराचं तोंड गर्दीपासून लांब. पाळण्यात आपलीच पोरं बसतात.