विष्णुदास भावे : नाटक घडविणारा कारागीर

दरवर्षी ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. सांगलीला त्या दिवशी विष्णुदास भावे यांच्या नावाचे गौरवपदक एखाद्या ज्येष्ठ रंगकर्मीला अर्पण केले जाते. मात्र मराठी वाङ्मयाच्या वर्गात विष्णुदासांच्या वाट्याला सहसा दोन परिच्छेदांहून अधिक जागा येत नाही. आद्य नाटककार असा त्यांचा उल्लेख होतो आणि विवेचन कीर्तने-किर्लोस्करांकडे वळते. याचे कारण उघड आहे. विष्णुदासांचे नाटक संहितेच्या रूपाने वाचावयास गेले, तर हाती लागतात ती केवळ पदे. त्यातील संवाद लिहिलेलेच नव्हते. वाङ्मयेतिहासाला ज्याचे मूल्यमापन करता येते ते विष्णुदासांपाशी थोडे आहे. जे विपुल आहे ते कागदावर उतरलेले नाही. त्यांच्या चरित्राचा विचार करताना हा पेच ध्यानात ठेवणे अगत्याचे ठरते.

विष्णु अमृत भावे यांचा जन्म १८१९ च्या सुमाराचा. वडील सांगलीकर पटवर्धनांच्या पदरी नोकरीस होते. विष्णूचे मन पाठशाळेतील विद्येत फारसे रमले नाही. कथा रचणे, पदे जुळविणे आणि लाकडाच्या कळसूत्री बाहुल्या घडविणे हे त्याचे छंद. ज्याला पुढे आपण नाटककार म्हणू लागलो, त्याच्या हातात लेखणीच्या बरोबरीने हत्यारे होती, ही गोष्ट चरित्रकारांनी नोंदविली खरी. पण तिचा त्याच्या नाट्यनिर्मितीशी असलेला संबंध पुरेसा उलगडला गेला नाही.

सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन हे कलांचे आश्रयदाते होते. १८४२ मध्ये कानडी मुलखातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ त्यांनी पाहिले. हे खेळ यक्षगानाच्या परंपरेतील होते. त्यांतील रांगडेपणा वगळून आपल्या भाषेत असे काही उभे करावे, ही कामगिरी आप्पासाहेबांनी विष्णुदासांवर सोपविली. त्या वेळी त्यांचे वय तेवीस-चोवीस वर्षांचे होते. पुढील वर्षी, ५ नोव्हेंबर १८४३ रोजी, सांगलीच्या राजवाड्यात ‘सीता स्वयंवर’ या आख्यानाचा प्रयोग झाला.

या प्रयोगाची घडण पाहण्यासारखी आहे. आरंभी सूत्रधाराचे मंगलाचरण, विदूषकाशी त्याची थट्टामस्करी, गणपतीचे आगमन, त्यानंतर मोरावर आरूढ झालेल्या सरस्वतीचे नृत्य आणि मग आख्यान, असा तिचा क्रम होता. कथानक पुढे नेणारी पदे सूत्रधार व त्याचे साथीदार गात. पात्रे त्यांना अनुसरून अभिनय करीत आणि प्रसंगोचित भाषण आयत्या वेळी रचून बोलत. स्त्रीभूमिका पुरुष करीत. यक्षगान, कीर्तन, लळीत अशा परिचित प्रकारांचे अंश येथे एकत्र आलेले दिसतात. यांपैकी एकही घटक विष्णुदासांनी नव्याने शोधून काढला, असे म्हणता येणार नाही. सुट्या घटकांची सांधेजोड करून एक चालते, बोलते, पुनःपुन्हा उभे करता येणारे यंत्र तयार करणे हे त्यांचे कर्तृत्व होय. गणपतीची सोंड, सरस्वतीचा मोर, राक्षसांची उग्र रूपे यांवाचून हा खेळ उभाच राहत नाही. हे सारे कोणाच्या तरी हातांनी घडवावे लागते. बाहुल्या कोरणाऱ्याला ते परके नव्हते.

विष्णुदासांच्या आद्यत्वाचा वाद येथे थोडक्यात पाहिला पाहिजे. तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारी सतराव्या शतकाच्या अखेरीपासून मराठी नाटके रचली जात होती. शहाजीराजांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ त्यांतील प्रसिद्ध होय. गोमंतक व कोकणातील दशावताराची परंपराही जुनी आहे. १९४३ मध्ये मराठी रंगभूमीची शताब्दी सांगलीत वि. दा. सावरकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या नाट्यसंमेलनाने साजरी झाली. तेव्हापासून १८४३ हे वर्ष लोकमानसात पक्के झाले. पण कालगणनेच्या निकषावर आद्यत्वाचा दावा निर्विवाद ठरत नाही. मग सांगलीच्या त्या प्रयोगाचे वेगळेपण कोणते? तंजावरची नाटके पुढील मराठी नाट्यव्यवहाराशी जोडली गेली नाहीत. सांगलीच्या प्रयोगातून मात्र नाटकमंडळी नावाची संस्था जन्मली आणि तिची परंपरा खंडित झाली नाही. हे घडले ते राजाश्रयामुळे नव्हे. राजाश्रय तुटल्यामुळे घडले.

१८५१ मध्ये आप्पासाहेबांचे निधन झाले. दरबारचा आधार संपला. नाटकाच्या सरंजामापायी झालेले कर्ज विष्णुदासांच्या माथी राहिले. पोशाख, दागिने, सोंगे, तालमीत तयार झालेले नट हे सारे हाताशी होते. त्यांचा मोबदला देणारा धनी मात्र नव्हता. अशा वेळी नाटक सोडून दुसरी चाकरी धरणे हा सोपा मार्ग होता. विष्णुदासांनी मंडळी घेऊन सांगलीबाहेर पडण्याचा निर्णय घेतला. त्यांच्या आयुष्यातील, आणि मराठी रंगभूमीच्याही इतिहासातील, खरे वळण हे होय.

मंडळी पुण्याला गेली, मुंबईला गेली. भोरघाटातील रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. हे दौरे त्यापूर्वीचे. सारा सरंजाम रस्त्याने वाहून न्यावा लागे. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडवरील नाट्यगृहात त्यांचे प्रयोग झाले. जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने त्यांच्याच जागेवर उभारलेले हे नाट्यगृह १८४६ मध्ये सुरू झाले होते. तेथे तिकीट काढून आलेला प्रेक्षक प्रथमच या नाटकासमोर बसला. राजवाड्यातील प्रेक्षक एका धन्याचा पाहुणा असे. ग्रँट रोडवरचा प्रेक्षक कोणाचाच पाहुणा नव्हता. त्याने आपले पैसे मोजले होते, आणि खेळ न आवडल्यास तो पुन्हा येणार नव्हता. मुंबईच्या बहुभाषिक प्रेक्षकांसाठी विष्णुदासांनी ‘राजा गोपीचंद’ हा खेळ हिंदी भाषेत केला, यावरून नव्या परिस्थितीचे भान त्यांना किती लवकर आले होते ते दिसते.

या यशातच त्यांच्या मागे पडण्याचे बीज होते. त्यांनी घालून दिलेला साचा इतका सुटसुटीत होता, की तो कोणालाही उचलता आला. इचलकरंजीकर, अळतेकर अशा मंडळ्या उभ्या राहिल्या. कारागिराची कसोटी त्याच्या वस्तूची नक्कल होते की नाही यावर ठरत असेल, तर विष्णुदास तीत पूर्ण उतरले. पण नक्कल करणाऱ्यांच्या गर्दीत मूळ कारागिराचा व्यवसाय टिकला नाही. १८६१ मध्ये वि. ज. कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे लिखित संवादांचे नाटक आले आणि बुकिश नाटकांचे युग सुरू झाले. याच सुमारास विष्णुदास नाट्यव्यवसायातून निवृत्त झाले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा प्रयोग झाला, तेव्हा ते हयात होते. ‘सीता स्वयंवरा’च्या वर्षीच, १८४३ मध्ये, जन्मलेल्या माणसाने त्यांच्या नाट्यप्रकाराला जुना ठरवले होते.

१८८५ मध्ये त्यांच्या पदांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ प्रसिद्ध झाला. नाटक हातून सुटल्यावर त्याचा लिहिता येण्याजोगा भाग तेवढा ग्रंथात आला, असे या संग्रहाबद्दल म्हणावेसे वाटते. उत्तरायुष्यात विष्णुदास पुन्हा आपल्या कळसूत्री बाहुल्यांकडे वळले. कर्ज, दौरे, नटांचे रुसवेफुगवे यांतून गेलेल्या माणसाला लाकडी नट जवळचे वाटले असल्यास नवल नाही. ९ ऑगस्ट १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या बाहुल्या दीर्घकाळ दुर्लक्षित राहिल्या. पुढे रामदास पाध्ये यांनी त्यांची दुरुस्ती करून त्यांच्याच साहाय्याने ‘सीता स्वयंवरा’चा खेळ पुन्हा सादर केला. संहितेने जे राखले नाही ते काही अंशी लाकडाने राखले.

विष्णुदासांच्या चरित्राचा वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा बोध आहे. केवळ छापील शब्दांच्या आधारे नाटकाचा इतिहास लिहिला, तर त्याचा आरंभच दुबळा भासतो. कारण तो आरंभ गायनात, उत्स्फूर्त भाषणात, सोंगांत आणि हातांच्या कामात होता. आजही गावोगावच्या नव्या नाटकांमागे पडदा रंगविणारे, मुखवटे करणारे, पोशाख शिवणारे हात असतात. महाविद्यालयांतून होणाऱ्या नाट्यशिबिरांत विद्यार्थी हे काम शिकतात, आणि मराठीचे वर्ग मात्र त्यांच्याकडे अभ्यासाबाहेरचा उपक्रम म्हणून पाहतात. ‘सीता स्वयंवरा’तील एखादा प्रसंग पदे गाऊन, संवाद आयत्या वेळी रचून वर्गातच उभा केला, तर विष्णुदासांनी काय साधले ते विद्यार्थ्यांना चटकन उमगेल. त्यांच्यावरील दोन परिच्छेदांत जे मावत नाही ते तासाभराच्या अशा खटपटीत सापडण्याचा संभव अधिक आहे.